देव्हाऱ्यातला जादूगार

आमच्या गल्लीतली रुद्राणी नेमकं काय करते, हे धड सांगू शकतील अशी माणसं लातुरात मला धरून चार-पाच असतील. कुणी म्हणतं बाहुल्या रंगवते, कुणी म्हणतं ऑनलाइन काहीतरी आहे तिचं. तिच्या सासूबाई, सिद्धम्मा मावशी, सरळ सांगायच्या, "राक्षसं रंगवती आमची सून. देवाचं एक चित्र काढ म्हणलं तर येळ न्हाई तिला."

राक्षस असतात हे खरंच. अंगठ्याएवढ्या धातूच्या मूर्ती: कुऱ्हाड घेतलेले बुटके, पंखवाले अजगर, दात विचकणारे हिरवे सैनिक. टेबलावर डोंगर-नदी मांडून, फासे टाकून लढाई खेळणारे हौशी लोक असतात, त्यांचं हे सैन्य. त्यातही तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, शिशाच्या ओतीव मूर्तींना फार मान. लोक त्या डब्यात कापूस घालून कुरिअरनं रुद्राणीकडे पाठवतात आणि ती रंगवून परत करते.

रुद्राणी उदगीरची. तिची मामी भाद्रपदात महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवून द्यायची, आणि बाराव्या वर्षापासून डोळे काढायचं काम भाचीकडे. पुढं तिनं नांदेडला चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला. शाळेतली जागा काही निघाली नाही. होस्टेलच्या मैत्रिणीच्या भावानं रंग उडालेला एक बुटका आणून दिला, होतो का बघ म्हणून. तो झाला. मग त्याच्या मित्रांचे झाले. लग्न होऊन ती लातूरला आली. नवरा मल्लेश, त्याचं मार्केट यार्डात पेंड-सरकीचं दुकान, घरात सासू. सगळं सांभाळलं, पण मागच्या खोलीतलं टेबल सोडलं नाही. काम चालू असताना पंखा बंद. धूळ बसते म्हणून एप्रिलातसुद्धा बंद. खांद्यावर घाम टिपायला टॉवेल, डोळ्यांपुढं भिंग, आणि हातातला ब्रश असा की मला तर त्याला केस आहेत की नाहीत तेच दिसत नाही. मी जवळ जाऊन बसले की म्हणते, "काकू, बसा हो, पण श्वास तिकडं सोडा."

गेल्या दिवाळीनंतर तिच्याकडे हैदराबादहून शिवानीताईंचा डबा आला. माणसं मूळची देगलूरची. त्यांचा थोरला भाऊ हरिओम. तो शाळेत असताना एका काकांनी त्याला परदेशातून अशा तेवीस मूर्ती आणून दिल्या होत्या. त्यातल्या सात त्यानं रंगवल्या, सोळा तशाच राहिल्या. मागच्या वर्षी हरिओम गेला. ज्यांच्याबरोबर तो तीस वर्षं हा खेळ खेळला, त्या मित्रांनी वर्षश्राद्धाच्या रविवारी त्याच्याच सैन्याचा डाव मांडायचं ठरवलं. शिवानीताईंनी रुद्राणीला फोनवर निक्षून सांगितलं, "सोळा तुम्ही रंगवा, पण दादाच्या हातच्या वाटल्या पाहिजेत. नमुन्याला त्याच्या सात पाठवते. त्यांना मात्र तुमच्या रंगाचा थेंबसुद्धा लागायला नको. आता त्याच्या हातचं तेवढंच आहे माझ्याकडे." आणि वर हेही म्हणाल्या की दादाच्या कपाटात न रंगवलेल्या दीडशे आहेत, हे जमलं तर त्याही तुमच्याकडेच.

तीन महिने रुद्राणी हरिओमचा हात शिकत होती. तो हिरवा जाड लावायचा, कडेला नेहमी बाहेर जायचा, डावा डोळा उजव्याच्या खाली उतरायचा. तिला सगळं तसंच काढायचं होतं. "काकू, इतक्या मन लावून चुका मी जन्मात केल्या नव्हत्या," असं हसून म्हणायची. पण सोळा झाल्या तेव्हा मी बघितल्या, आणि खरंच, एकाच पोराच्या हातच्या वाटत होत्या.

त्या सातांमध्ये एक म्हातारा जादूगार होता. हरिओमनं अकराव्या वर्षी रंगवलेली पहिली मूर्ती. हिरवा झगा, पिवळीधमक दाढी, हातात काठी. ती काठी हलत होती. शिवानीताईंची परवानगी घेऊन रुद्राणीनं काठीच्या सांध्यात गोंदाचा एक कण सोडला आणि मूर्ती सुकायला ठेवली ती देव्हाऱ्याच्या वरच्या पायरीवर. त्या घरात वारा लागत नाही, धूळ नाही, कुणी येता-जाता हात घालत नाही, अशी ती एकच जागा. तो मंगळवार होता. गुरुवारी महाशिवरात्र. शनिवारी शिवानीताई स्वतः न्यायला येणार होत्या.

बुधवारी सकाळी मी बेल मागायला त्यांच्याकडे गेले. रुद्राणी बाहेर गेली होती. मावशी मोरीपाशी पाटावर बसून देव घासत होत्या. पुढ्यात चिंचेचं पाणी, राख, नारळाची शेंडी. शिंतोडे उडतात म्हणून चष्मा काढून ठेवलेला.

"ह्यो बघ गं बाई," त्यांनी एक मूर्ती माझ्या हातात दिली. "काय अवतार झाला होता त्येचा. हिरवा-पिवळा रंग फासला होता कुणी तरी. अर्धा घंटा घासले तवा उजाळला."

दाढी, काठी, पायघोळ झगा. "हे कुठले महाराज, मावशी?"

"असल कुणी सिद्धपुरुष. माहेराहून आणला असल तिनं. देवात ठिवला म्हंजी देवच की."

मी हसले, बेल घेतला आणि घरी आले. त्या टेबलाशी इतक्या वेळा बसलेली मी, पण रंगाशिवाय मलाही तो ओळखू आला नाही.

तासाभरानं रुद्राणीचा फोन आला. "काकू, या." एवढंच.

गेले तर ती देव्हाऱ्यापुढं उभी. आत नंदीच्या शेजारी जादूगार लखलखत होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर बेलाचं पान. मावशी हात पुसत पुसत विचारत होत्या, "काय झालं गं? बोल की! कुणाचा फोन आला का?"

रुद्राणीनं मूर्ती उचलली, मागच्या खोलीत नेली, भिंगाखाली धरली. बराच वेळ फिरवून बघितली. मग आधी मोरीत जाऊन ते चिंचेचं पाणी ओतून दिलं, सगळे देव पुन्हा दोनदा धुतले. "शिसं असतं ह्याच्यात अव्वा, हात धुवा साबणानं. नखंपण." मग खाली बसली आणि शांतपणे सासूला सांगितलं, हे कुणाचं होतं आणि कुणी रंगवलेलं होतं.

मावशी ऐकत राहिल्या. "मेलेल्या लेकराच्या हातचं?" एवढंच विचारलं.

"लेकरू नव्हते अव्वा, पन्नाशीचे होते. हे रंगवलं तेव्हा लेकरू होते."

मावशी उठून स्वयंपाकघरात गेल्या. दुसऱ्या दिवशी शिवरात्रीचा उपवास, पण त्यांचा उपवास बुधवारपासूनच सुरू झाला.

दुपारी मल्लेश जेवायला आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, सोळा मूर्तींकडे बघितलं, मग त्या उघड्या पडलेल्या म्हाताऱ्याकडे. "सोळा केल्यास ना तू त्याच्यासारख्या? मग सतरावी कर. फोटो आहेत तुझ्याकडं. कुणाच्या बापाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"तुला कळून काय हुतंय? त्या बाईला आनंदानं जाऊ दे की घरी. तिला रडवून कुणाचं भलं हुणार आहे? आणि अव्वाचं नाव मधी येणार. सत्तरीची बाई, लोकाच्या पुढं मान खाली घालायला लावणार का तिला?"

मी निघताना रुद्राणी मला म्हणाली, "काकू, ह्यांचं सगळं चूक नाहीये. तोच घोळ आहे."

गुरुवारी घरात पूजा, गर्दी, सिद्धेश्वराला जाणं-येणं. तिनं सगळं केलं. शुक्रवारी सकाळी पंखा बंद करून टेबलाशी बसली, ती चारपर्यंत उठली नाही. चारला मला हाक आली. टेबलावर सात मूर्ती ओळीनं मांडल्या होत्या.

"ओळखा."

मला माहीत होतं की जादूगारच आहे. तरी मी तिच्या फोनमधला जुना फोटो शेजारी धरून बघत बसले. जाड हिरवा. कडेला बाहेर गेलेला. पिवळी दाढी, एका ठिकाणी नाकाला लागलेली. डावा डोळा खाली. जुनेपणाचा तो तेलकट मळसुद्धा हुबेहूब आणलेला होता. तिच्या हातात इतकी ताकद आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि जरा भीतीच वाटली.

"नाही ओळखू येत," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मग भिंग माझ्याकडे सरकवून तिनं मूर्ती उलटी धरली. "इथं बघा. काखेत, झग्याच्या घडीत. शेंडी पोचली नाही तिथं. हा त्यांचा हिरवा आहे. आणि मागं टाचेपाशी, इथं. एवढा राहिलाय फक्त. त्याच्यावर मी ब्रश नेला नाही."

मोहरीच्या दाण्याएवढे दोन ठिपके.

"सांगणार आहेस का?"

"माहीत नाही काकू. सकाळपासून दोन्ही करून बघते आहे मनात. सांगते, तेव्हा ती बाई रडती. न्हाई सांगत, तेव्हा ती हसती. हसती तेच जास्त वाईट दिसतंय."

शनिवारी अकराच्या सुमाराला गल्लीत तेलंगणाची गाडी लागली. मावशींनी मला आधीच बोलावून घेतलं होतं, "तू बस बाई माझ्यापाशी." आम्ही दोघी स्वयंपाकघरात. पुढच्या खोलीतलं सगळं दिसत होतं. मल्लेश दुकानाला गेलाच नव्हता, दाराशी उभा होता आणि बायकोकडे बघत होता.

शिवानीताई पन्नाशीच्या, कॉटनची साडी, केस कापलेले. बोलणं हैदराबादी वळणाचं. पांढऱ्या कापडावर तेवीस मूर्ती मांडलेल्या बघून त्या खुर्चीत बसल्याच नाहीत, जमिनीवरच बसल्या. एकेक उचलून डोळ्यांजवळ नेत होत्या. "अरे, ये तो... हा कुऱ्हाडवाला तुम्ही केला? हा तुम्ही केला? मला वाटलं दादाचाच!" मल्लेशचे खांदे सैल पडले.

मग त्यांनी जादूगार उचलला. "आणि हे आमचे बुढ्ढे बाबा. ह्याची दाढी पिवळी का, माहीत आहे? पांढरा रंग मी सांडला होता. दादा मला मारायला धावला, आणि मग म्हणाला, जाऊ दे, म्हातारा हळद लावून आलाय." त्या हसल्या, आणि हसता हसता अंगठ्यानं दाढी पुसल्यासारखी केली.

"ताई," रुद्राणी म्हणाली. "तो रंग माझा आहे."

"कुठला?"

"सगळा. ह्याचा सगळा."

दाराशी मल्लेशनं मान फिरवली. शिवानीताईंना आधी समजलंच नाही. रुद्राणीनं सांगितलं: गोंद, देव्हारा, शिवरात्र, घासणं. कुणी घासलं, ते मात्र सांगितलं नाही. "आमच्या घरी घासला गेला," एवढंच म्हणाली.

माझ्या शेजारच्या मावशी उठल्या. मी पदर धरला तर सोडवून घेतला. बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. "म्या घासला. हिनं न्हाई. देव समजून घासला म्या."

"देव?" शिवानीताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. "हा देव? आणि तुम्ही... तुम्ही रंगवून मला देणार होतात? मी आता ह्याला हातात घेऊन हसत होते, तुम्ही बघत बसलात?"

"हो," रुद्राणी म्हणाली.

"मी म्हटलं होतं, थेंब लागायला नको."

"म्हटलं होतं."

शिवानीताईंनी फोन काढला, जुना फोटो लावला, मूर्ती शेजारी धरली. इकडून बघितली, तिकडून बघितली. बाहेर भंगारवाल्याची हाक आली आणि पुढं निघून गेली.

"फरक नाही काही," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"मग सांगितलं कशाला? मला कधीच कळलं नसतं. आयुष्यात."

"बाकीच्या सोळा तुम्ही माझ्या म्हणून नेणार, ताई. हा त्यांचा म्हणून नेला असता."

शिवानीताईंनी मूर्ती कापडावर ठेवली. रागानं नाही, पण हातातून सोडून दिल्यासारखी. "काढा हा रंग. आत्ता. माझ्यासमोर."

"काढते," रुद्राणी म्हणाली. मग काखेतला आणि टाचेचा ठिपका तिनं त्यांना भिंगातून दाखवला. "हे दोन त्यांचे आहेत. माझा रंग पाण्याचा, त्यांचा तेलाचा. स्पिरिटनं माझा आधी सुटतो. पण त्यांचा जुना आहे, कधी उचलून येईल सांगता येत नाही. सगळा बुडवला तर नक्की जाईल. कापसानं काढते. हात लावू का?"

"काढा." मग शिवानीताई उठून तिच्या मागोमाग मागच्या खोलीत गेल्या. मीही जाऊन बसले.

मी आजवर पुष्कळ तणावाच्या जागी बसले आहे, दवाखान्यात, मुलांच्या निकालाला. पण तो एक तास वेगळाच होता. रुद्राणी टाचणीच्या टोकाला कापसाचा तंतू गुंडाळायची, स्पिरिटमध्ये टेकवायची, झटकायची, आणि झग्यावरून एकदाच ओढायची. तंतू हिरवा होऊन यायचा. टाकायचा, दुसरा घ्यायचा. आधी दाढी गेली, मग तोंड, मग छाती. खालून शिसं करडं करडं बाहेर यायला लागलं. शिवानीताई दिवा धरून उभ्या होत्या. "हळू," त्या मध्येच म्हणायच्या. दिवा जरा सरकला की रुद्राणी थांबायची, तो जागेवर आला की पुन्हा सुरू.

टाचेचा ठिपका गेला. तिनं तंतू उचलला आणि त्याच्यावर पापुद्र्यासारखी एक चकती चिकटून आली. तिच्या रंगाबरोबर त्याचाही सुटला होता. दोघींनीही ते बघितलं. "गेला," रुद्राणी म्हणाली. शिवानीताईंनी डोळे मिटले, उघडले. "काखेतला?"

"तिथं स्पिरिट नेत नाही. काडीनं कोरडाच खरवडते."

दात कोरायची काडी तासून तिनं टोक केलं आणि ठिपक्याच्या भोवतीनं आपला रंग कण कण सोडवला. वीस मिनिटं तरी गेली असतील. शेवटी फुंकर मारली, मूर्ती भिंगाखाली ठेवली आणि स्वतः खुर्चीवरून उठून बाजूला झाली.

शिवानीताई वाकल्या. करडा म्हातारा, आणि काखेत जाड लावलेला हिरव्याचा एक दाणा. त्या किती तरी वेळ तशाच वाकून राहिल्या.

बाहेरच्या खोलीत आल्यावर त्यांनी बावीस मूर्ती स्वतः डब्यात भरल्या. रुद्राणी मदतीला वाकली तर म्हणाल्या, "राहू द्या." मावशी ताटलीत शेंगापोळी आणि तूप घेऊन कधीच्या उभ्या होत्या. घ्या म्हणायची हिंमत होत नव्हती आणि आत घेऊन जायचीही. शिवानीताईंनी ताटलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"कुठं ठेवला होता त्याला?"

मावशींनी ताटली माझ्या हातात दिली आणि त्यांना देव्हाऱ्यापाशी नेलं. "हितं. नंदीच्या उजव्या अंगाला. खाली न्हाई ठिवला बाई. इबूत लावली, बेल वाहिला. येका दिसाचीच पूजा झाली त्येची, पर झाली."

"विभूती लावली? दादाच्या म्हाताऱ्याला?"

"तीन बोटं."

शिवानीताईंच्या तोंडाचा कोपरा जरा हलला. "दादा असता तर लोळून लोळून हसला असता," त्या म्हणाल्या. स्वतः हसल्या नाहीत. चप्पल घालता घालता वळून त्यांनी माझ्या हातातल्या ताटलीतून एक शेंगापोळी उचलली, कागदात गुंडाळून मागितली. डबा ड्रायव्हरकडे दिला. म्हातारा मात्र डब्यात घातला नव्हता, तो त्यांच्या मुठीत होता.

गाडी गेल्यावर मल्लेश दुकानाची किल्ली शोधत म्हणाला, "त्या दीडशे मूर्तींचं काही बोलली का?"

"न्हाई," रुद्राणी म्हणाली. "आणि मी विचारलं पण नाही."

मावशी देव्हाऱ्याशीच बसल्या होत्या. तिनं जाऊन त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. "अव्वा, उठा. चार दिवस झाले, जेवून घ्या आता."